गायमुखच्या वळणावर गाडी एवढी का झुकते

गायमुखचा घाट आला की आमची आई खिडकीची काच खाली करते आणि तोंडात आवळासुपारी टाकते. ठाण्याहून वसईला मावशीकडे जायचं म्हटलं की हा कार्यक्रम ठरलेलाच, पण गेल्या पावसाळ्यानंतर गाडी वळणावर इतकी आडवी व्हायला लागली की मागे बसलेला माणूस दाराला जाऊन चिकटायचा. सोसायटीतला एक पोरगा आहे, गाड्या मॉडिफाय करायचे व्हिडिओ बघून बघून तज्ज्ञ झालाय, त्याने लगेच निदान केलं, "काका, बॉडी रोल आहे, लोअरिंग स्प्रिंग आणि नवे शॉकअप टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल." खर्च किती विचारलं तर म्हणे चाळीसेक हजार. चाळीस हजार म्हटल्यावर मी आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

खोपटहून सुटलेल्या एसटीत उभ्याने गेलाय ना कधी? मग बॉडी रोल तुम्हाला माहितीये. बस डावीकडे वळली की पाय फरशीबरोबर डावीकडे जातात, वरचं धड मात्र सरळ जायच्या विचारात असतं, म्हणून आपण उजवीकडे कलतो. गाडीचंही तेच. टायर रस्त्याला धरून वळतात पण गाडीचं वजन जिथे एकवटलेलं धरतात तो बिंदू रस्त्यापासून साधारण ५५-६० सेंटिमीटर वर असतो, आणि या उंचीमुळेच बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंग दबतात, आतल्या मोकळ्या होतात, गाडी कलते.

आता आकडे. १२०० किलोची गाडी, ४० मीटर त्रिज्येचं वळण, वेग ताशी ५०. बाजूला ओढणारा जोर येतो साधारण ५९० किलो वजनाएवढा, म्हणजे गाडीच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा! डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर आणि ती उंची ६० सेंटिमीटर धरली तर आतल्या चाकांवरून सुमारे २३५ किलो भार बाहेरच्या चाकांवर सरकतो, आधी दोन्ही बाजूंना सहाशे-सहाशे होता तो आता एकीकडे ८३५ आणि दुसरीकडे ३६५. गंमत म्हणजे हा आकडा काढताना स्प्रिंग किती कडक हे मी कुठे विचारलंच नाही. वजन, उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर, बस. म्हणजे कितीही महागडं सस्पेन्शन टाका, भार सरकायचा तो सरकतोच (बॉडी कलल्यामुळे पडणारा फरक किरकोळ), फक्त गाडी कमी कलते. फ्रान्सची १९४८ची सिट्रोएन टू सीव्ही वळणावर बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल इतकी झुकायची पण टायर रस्ता सोडत नसत. झुकणं आणि पकड सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता शॉकअपचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथेच घालवतात. शॉकअपच्या आत तेल असतं आणि ते बारीक भोकांतून ढकललं जाताना विरोध करतं, म्हणजे हालचाल सुरू असेपर्यंतच विरोध. लांब वळणावर गाडी एकदा कलून स्थिर झाली की शॉकअपचं काम संपलं. नवे कडक शॉकअप टाकले तर गाडी सावकाश कलेल, एस आकाराच्या वळणात इकडून तिकडे फेकली जाणार नाही, पण शेवटी जेवढी कलायची तेवढी कलणारच. किती कलायची हे ठरवतात स्प्रिंग आणि अँटी रोल बार, ज्याला गॅरेजवाले स्टॅबिलायझर म्हणतात.

हा बार म्हणजे इंग्रजी यू आकाराची वाकवलेली स्टीलची सळई. मधला भाग रबरी बुशमध्ये गाडीखाली धरलेला, दोन टोकं लिंक रॉडने दोन चाकांकडे. दोन्ही चाकं एकदम वर गेली, समजा गतिरोधकावर, तर बार नुसता बुशमध्ये फिरतो, काही विरोध नाही. पण एक चाक वर आणि एक खाली झालं की सळई पिळली जाते आणि पीळ उलगडायला बघते, तोच गाडीला सरळ धरणारा जोर. पिळाचा विरोध जाडीच्या चौथ्या घातात वाढतो त्यामुळे २० मिलिमीटरच्या जागी २२चा भरीव बार टाकला की कडकपणा ४६ टक्के वाढतो. दोन मिलिमीटरमध्ये एवढं! मला विचाराल तर रोलसाठी पैशाला सगळ्यात जास्त जागणारी वस्तू हीच.

पण तो पुढे लावायचा की मागे हे बघावं लागतं. टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. पुढचा बार जाड केला की सरकणाऱ्या भारातला जास्त वाटा पुढच्या बाहेरच्या टायरवर येतो, तो आधीच दमलेला असतो, मग स्टिअरिंग फिरवूनही नाक बाहेर पळतं. मागचा जाड केला तर उलट, गाडी चटकन वळते आणि अती झालं तर मागची बाजूच निसटते, ओल्या रस्त्यावर तर नकोच. शिवाय बार डाव्या-उजव्या चाकांना बांधतो त्यामुळे एकच चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्या बाजूलाही हिसका बसतो आणि डोकं घड्याळाच्या लंबकासारखं हलतं. पावसाळ्यातल्या घोडबंदर रोडवर हे रोजचं. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर फिरवायला ठीक, कापूरबावडी ते गायमुख नको.

लोअरिंग स्प्रिंगचा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगचा, तर वेगळाच घोळ. गाडी खाली आली की उंची कमी, भार कमी सरकणार, इथपर्यंत बरोबर. पण आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असतो आणि त्यात गाडी खाली केली की खालचे आर्म असे कलतात की बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे झुकवणारी तरफ लांब होते! स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर केलेला खर्च पाण्यात. स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर मिळतात तेही स्प्रिंग कडक करतात खरं, एक वेढा जॅम होतो म्हणून, पण गाडी थोडी वर उचलतात. आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचना बदलण्यावर बंधन घालतं, तेही डोक्यात असू द्या.

मी काय केलं? गाडी वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या चाचांकडे नेली. त्यांनी जॅकवर चढवून लिंक रॉड हाताने हलवून दाखवला, खट-खट वाजत होता. एका बाजूचा बॉल जॉइंट पार सैल, बारचे बुश झिजलेले, म्हणजे बार जागेवर असून नसल्यासारखा, आधी ढिलाई संपणार मग तो पिळायला लागणार. दोन लिंक रॉड, बुश, आणि टायरमध्ये हवा कमी होती ती भरली. मजुरी धरून तीन हजारही लागले नाहीत.

झुकणं कमी झालं, आईची मळमळ मात्र फारशी नाही. आणि हिशोबात ते बसतंय. गाडी तीन-चार अंश कलल्याने अंगावर येणारा जादा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या पाच-सात टक्के, वळणाचा स्वतःचा ओढा जवळजवळ पन्नास टक्के. सगळ्यात जास्त मळमळ आणतात ते पाच-सहा सेकंदांना एक असे सावकाश हेलकावे, घाटातली वळणं नेमकी तशीच येतात, आणि तिथे बार काही करू शकत नाही. हा ओढा वेगाच्या वर्गात वाढतो, ५०चे ४० केले की ३६ टक्के कमी. हल्ली घाटात मी चाळीसच्या वर जात नाही, मागचे डंपरवाले हॉर्न मारत बसतात.

सोसायटीतल्या त्या पोराने स्वतःच्या गाडीला स्प्रिंग टाकल्याच शेवटी. गेटाजवळच्या गतिरोधकावर खालून खर्रर्र आवाज आला की तिसऱ्या मजल्यावर त्याची आई चहा टाकते.