तळ वाजवून बघा

स्टँडवर चढवलेल्या फायबरग्लासच्या पॉवरबोटीखाली एक माणूस उकिडवा बसलेला असतो. हातात प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी. तळावर वीत-वीत अंतराने तो हलकेच ठोकत जातो आणि कान देऊन ऐकतो. टक्, टक्, टक्... आणि मध्येच ‘बद्द’. तिथे तो खडूने गोल काढतो. त्या गोलाच्या आत आणि बाहेर तोच आरशासारखा चकचकीत जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर. डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही. पण आतले थर तिथे एकमेकांपासून सुटलेले आहेत.

बोट घ्यायला आलेला माणूस मात्र बहुधा इंजिनाची ताकद विचारतो, बुडाला दोन थापा मारतो आणि म्हणतो, “जाड आहे, दणकट दिसतेय.” जाडीइतकी फसवी गोष्ट या धंद्यात दुसरी नाही.

आधी समुद्र काय करतो ते पाहू. भर समुद्रात वेगाने निघालेली बोट लाटेच्या माथ्यावरून सुटते आणि दणकन खाली येते. सव्वा मीटरवरून पडली तर पाण्याला लागताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर असतो. ऐकायला किरकोळ वाटतो. पण पाणी दाबून आक्रसत नाही, त्याला बाजूला व्हावं लागतं, आणि बाजूला व्हायला इथे सवडच नसते. या आपटीचं गणित १९२९ मध्ये थिओडोर फॉन कार्मान यांनी आणि १९३२ मध्ये हर्बर्ट वाग्नर यांनी मांडलं. तेव्हा प्रश्न होता पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा, पण पाण्याला त्याचं काय! वाग्नर यांच्या सूत्रानुसार व्ही आकाराच्या तळाच्या बाजू आडव्याशी २० अंशांचा कोन करत असतील, तर ५ मीटरच्या वेगाला दाबाचं टोक चौरस मीटरमागे सुमारे २४ टनांवर जातं. अख्ख्या तळावर एकदम नाही, हे नशीब. पाणी तळाला चाटत वर चढतं तिथल्या अरुंद पट्ट्यात तो क्षणभर असतो, आणि तो पट्टा मधल्या कण्याकडून कडांकडे सुसाट पळतो.

याच सूत्रात कोनाची किंमतही कळते. वेग तोच ठेवून १० अंशांचा पसरट तळ घेतला, तर २४ अंशांच्या तळापेक्षा सहापटीहून जास्त दाब येतो. अमेरिकी आरेखक रे हंट यांनी असा मोठ्या कोनाचा, खोल व्ही नाळेपासून पार मागच्या टोकापर्यंत तसाच नेला. त्यांच्या आराखड्यावरून बांधलेल्या, रिचर्ड बर्ट्रम यांच्या ‘मॉपी’ या बोटीने १९६० मध्ये मायामी ते बहामाजमधलं नासाऊ ही शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली. ती लाकडी होती. तिच्याच आकारावरून पुढे फायबरग्लासची ‘बर्ट्रम ३१’ आली. फुकट काहीच मिळत नाही म्हणा: असा तळ जास्त इंधन मागतो आणि उभ्या जागी जास्त डुलतो.

कोनाने दणका कमी होतो, संपत नाही. दर दोन सेकंदांना एक धरला तरी तासाला १,८०० दणके. प्रत्येक वेळी तळ किंचित आत दबतो आणि परत येतो. एका दणक्यात न तुटणारी वस्तू लाखाव्या दणक्याला तुटू शकते.

आता जाडीकडे येऊ. फायबरग्लासमध्ये ताण घेते ती काच. रेझिन, म्हणजे पातळ असताना लावून कडक होऊ दिलेलं प्लास्टिक, तिला धरून ठेवतं. आखूड तंतूंच्या मॅटमध्ये वजनाच्या साधारण ३० टक्केच काच असते, बाकी रेझिन. विणलेल्या कापडात ती निम्म्यावर जाते, आणि निर्वात पिशवीखाली रेझिन ओढून घेतलं तर ६५-७० टक्क्यांपर्यंत. म्हणजे जाडजूड तळ हा कित्येकदा नुसता रेझिन प्यायलेला तळ असतो.

दुसरी युक्ती सँडविचची. फायबरग्लासचा भरीव पत्रा मधोमध चिरून दोन पातळ पापुद्रे करा आणि मध्ये मूळ पत्र्याइतकाच जाड हलका फोम किंवा बाल्सा लाकूड घाला. वजन थोडंच वाढतं, वाकायला विरोध मात्र सातपट होतो. अट एकच: पापुद्रे गाभ्याला घट्ट चिकटलेले हवेत. ते सुटले की उरतात दोन लवलवते पत्रे. आपल्या हातोडीवाल्याला ऐकू आलेला ‘बद्द’ तो हाच.

सांध्यांची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तळाला आतून ताठ ठेवणारे लांब स्ट्रिंगर काचेच्या पट्ट्यांनी तळाला जोडतात. तळ ताजा असताना ही जोडणी झाली तर दोन्हींचं रेझिन रासायनिकरीत्या एकजीव होतं. पण शनिवारी ओतलेला तळ सोमवारी पुरता कडक झालेला असतो, त्यावर बरेचदा मेणाचा सूक्ष्म थरही आलेला असतो. मग तो पुसून, घासून खरखरीत केल्याशिवाय पट्टी धरत नाही. हे घासणं म्हणजे काचेची धूळ, अंगभर खाज आणि तासन्‌तास वाकून काम. टाळलं तर कोणाला कळणार आहे? वरून रंग लागला की चांगला सांधा आणि वाईट सांधा जुळे भाऊ दिसतात. २४ मीटरपर्यंतच्या बोटींसाठी आयएसओ १२२१५ हे आंतरराष्ट्रीय मानक दाब आणि जाडीचे हिशेब देतं. त्या हिशेबात सांधा नीट केलाय हे गृहीतच असतं.

नंतरची हलगर्जी वेगळीच. शिडी बसवायला कोणीतरी बाल्साच्या गाभ्यात स्क्रू पिळतो, छिद्राच्या कडा रेझिनने बंद करत नाही, आणि पाणी सावकाश आत मुरत जातं.

सुदैवाने तळाच्या आत डोकावायची एक सोय बांधणीतच होते. इंजिनाला थंड पाणी घ्यायला तळाला भोक पाडतात, तेव्हा करवतीतून एक गोल चकती निघते. चांगले कारखाने ती नाव घालून जपून ठेवतात. तिचा तुकडा वजन करून भट्टीत ५६५ अंश सेल्सिअसला ठेवला, की रेझिन जळून जातं आणि काच उरते. पुन्हा वजन केलं की काच किती टक्के ते कळतं. मग चिमट्याने एकेक थर सुटा करून मोजायचा. आराखड्यात अकरा लिहिले असतील तर टेबलावरही अकराच यायला हवेत.