आसाला वंगण, सांध्याला हालचाल

सकाळच्या योगवर्गातली पहिली दहा मिनिटं साधारण ठरलेली असतात. पायाची बोटं दुमडा, उघडा. घोटा पुढे-मागे करा, फिरवा. मग गुडघा, मनगट, कोपर, खांदा, मान. शिक्षक "सावकाश, लक्ष सांध्याकडे" असं सांगत असतात आणि मागच्या रांगेत कुणीतरी भराभर दहा आकडे मोजून मोकळं झालेलं असतं. खरी आसनं पुढे आहेत, ही नुसती तयारी, असा बहुतेकांचा समज असतो. मी बरीच वर्षं हे व्यायाम करतो आणि इतरांकडून करूनही घेतो. माझ्या मते त्यांचा प्राण त्या "सावकाश"मध्येच आहे. तो शब्द इथवर कसा आला, ते पाहण्यासारखं आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातले सांधे मोजले आहेत : २१०. तिथेच एक दृष्टान्त येतो, तो बैलगाडी पाहिलेल्या कुणालाही पटेल. आसाला तेल दिलं की चाक नीट फिरतं, तसे कफाने माखलेले सांधे नीट चालतात. आयुर्वेदाने पुढे या कफाला 'श्लेषक' असं नाव दिलं. आपल्याकडे गुडघे दुखायला लागले की "वंगण संपलं" म्हणतात, ती जणू त्याच दृष्टान्ताची बोली. पण आखडलेल्या सांध्यांवर या ग्रंथांचा भर मुख्यतः तेल आणि शेक यांवर आहे. एकेक सांधा क्रमाने हलवायची मालिका तिथे नाही.

हठयोगाच्या प्रसिद्ध ग्रंथांतही ती सापडत नाही. हठप्रदीपिकेत १५ आसनं आहेत, घेरंडसंहितेत ३२, आणि त्यांतली बहुतेक स्थिर बसण्याची वा धरून ठेवण्याची. पतंजलींनी तर आसन म्हणजे स्थिर आणि सुखकर असावं आणि प्रयत्न सैल सोडल्याने ते साधतं, एवढंच सांगितलं. हालचालीचा विचार ठळकपणे दिसतो तो 'हठाभ्यासपद्धती' या अठराव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात. त्याची पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आहे. त्यात ११२ आसनांचं वर्णन आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती धरून ठेवायची नसून पुन्हा पुन्हा करायची आहेत. काहींना भिंतीचा, काहींना दोराचा आधार. मल्लखांब आणि दंड-बैठका यांच्या मातीशी जवळीक सांगणारी ही पोथी आहे. तरीही तिचा कल ताकदीकडे आहे, सांध्याच्या हळुवार चौकशीकडे नाही.

त्या मातीतूनच पुढचा दुवा येतो. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव व्यायामाचे गुरू होते, आणि निखळलेली हाडं-सांधे बसवण्यातही त्यांचा मोठा लौकिक होता. त्यांच्या तालमीत तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, नर्मदाकाठी मालसरला माधवदासजी महाराजांकडे योग शिकले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. आसन म्हणजे स्नायूंची कसरत नव्हे, तिथे झटका नको, धाप नको, हा फरक त्यांनी प्रयोगशाळेची भाषा वापरून लोकांना समजावला. त्याच काळात शाळांच्या मैदानांवर शिट्टीवर आणि हुकमावर चालणारी कवायत रुजत होती. तिचं एक मूळ स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्या १८१३च्या स्टॉकहोममधल्या संस्थेपर्यंत जातं. एकेका अवयवाला वेगळी हालचाल देण्याची शिस्त या कवायतीत होती. कवायतीने हालचालींचा क्रम दिला आणि योगाने तो करताना मन कुठे ठेवायचं ते सांगितलं, असं मला वाटतं.

स्वातंत्र्यानंतर ही मालिका दोन नावांनी घरोघर पोहोचली. धीरेंद्र ब्रह्मचारी आपल्या पद्धतीला 'सूक्ष्म व्यायाम' म्हणत. त्यातल्या एका प्रकाराचं नाव 'मणिबंध (मनगट) शक्तिविकासक', बाकीची नावंही त्याच घडणीची. दूरदर्शनवर त्यांना पाहिलेली पिढी अजून आहे. नाव सूक्ष्म असलं तरी त्यातल्या बऱ्याच क्रिया जोरकस आहेत, भस्त्रिकेसारखा, म्हणजे भात्यासारखा जोरात श्वास घेत हात झटकण्याच्या. संथपणा ठामपणे आणला तो मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी. त्यांच्या १९६९च्या आसन-प्राणायामाच्या पुस्तकात 'पवनमुक्तासन' या नावाखाली एक पूर्ण गट आहे. पाय पसरून बसायचं, मग गुल्फ (घोटा) नमन, जानु (गुडघा) नमन, मणिबंध नमन असं पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत यायचं. (गुडघे पोटाशी घेण्याचं याच नावाचं आसन वेगळं.) यातला पवन म्हणजे वात. आयुर्वेदाने सांधेदुखीचं खापर ज्या वातावर फोडलं, त्याच्यासाठी हा गट. म्हणजे जुनं निदान तेच ठेवून त्याला तेलाऐवजी हालचाल दिली. आणि अट अशी, की श्वास, मोजणी आणि सांध्यात काय जाणवतं, या तिन्हींचं भान ठेवूनच करायचं.

इकडे हे घडत असताना इस्रायलमध्ये मोशे फेल्डेनक्राईस वेगळ्याच वाटेने तिथेच आले. मूळचे अभियंता, ज्युदोत तरबेज, आणि फुटबॉल खेळताना दुखावलेला गुडघा आयुष्यभर सोबतीला. लहान आणि संथ हालचालींवर त्यांनी पद्धत उभारली. कारण मोठं सोपं आहे. हातात पाच किलोची पिशवी असताना तिच्यात एक लिंबू टाकलं तर कळत नाही. रिकाम्या तळहातावर ठेवलं तर लगेच कळतं. जोर जितका कमी, तितका बारीक फरक जाणवतो.

वैद्यकाला हे पचायला वेळ लागला. दुखावलेला सांधा बांधून ठेवायचा, हाच दीर्घकाळ नियम होता. टोरांटोचे शल्यविशारद रॉबर्ट साल्टर यांनी १९७०पासून सशांवर प्रयोग केले, तेव्हा जखडलेल्या सांध्यापेक्षा हळूहळू सतत हलता ठेवलेल्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, अधिक चांगली भरून येताना दिसली. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिचं पोषण होतं, आणि दाब पडणं-सुटणं यामुळे तो द्रव आत-बाहेर होतो. सुश्रुताचं चाक फिरायला लागल्यावरच वंगण पसरतं, ते असं.

२०१५च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय योगदिनाच्या अभ्यासक्रमात मान, कंबर आणि गुडघे यांच्या चालन क्रिया सुरुवातीलाच आल्या. त्यामुळे त्या कोट्यवधींना ठाऊक झाल्या, पण 'वॉर्म-अप' म्हणूनही ओळखल्या जाऊ लागल्या, याची मला खंत आहे. परवा वर्गात एका आजींना मी डोळे मिटून मनगट अगदी हळू फिरवायला सांगितलं. तीन फेऱ्यांनंतर त्या थांबल्या. म्हणाल्या, "डावं मनगट अंगठ्याच्या बाजूला आलं की मी श्वास धरते. उजव्याला नाही धरत." इतकी वर्षं भाकऱ्या थापणाऱ्या हाताबद्दल त्यांना हे पहिल्यांदा कळलं होतं.