आतड्यातली धग, शेजारचं प्रोस्टेट आणि ‘पाचपट’चा हिशेब

प्रोस्टेट तपासायची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे डॉक्टरांचं बोट. हातमोजा चढवून, जेली लावून ते गुदद्वारातून आत घालायचं आणि पुढच्या बाजूला चाचपायचं. पुरुषांच्या मूत्राशयाखालची, अक्रोडाएवढी ही ग्रंथी गुदाशयाला, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या टोकाला, इतकी लागून असते की मधल्या भिंतीतूनही तिच्यातली कडक गाठ बोटाला कळते. शेजार एवढा सख्खा असताना आतडं वर्षानुवर्षं धुमसत राहिलं, तर त्याची झळ प्रोस्टेटला लागते का?

धुमसणं म्हणजे इथे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे दोन आजार. आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते; रक्त पडतं, जुलाब होतात, थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा उचल खातं. मोठ्या आतड्याचा बराच भाग ग्रासलेला असेल, तर पुढे तिथे कॅन्सर होण्याची भीती असते, म्हणून हे रुग्ण ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी, करून घेतात. प्रोस्टेटचा विषय मात्र त्या खोलीत सहसा निघत नाही.

तो निघाला शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. तिथल्या यूरॉलॉजिस्टांनी १९९६ ते २०१७ या काळातल्या नोंदी काढल्या. आतड्याचा दाह असलेले १,०३३ पुरुष घेतले आणि साधारण एकास नऊ या प्रमाणात, त्याच वयाचे आणि वंशाचे, हा आजार नसलेले ९,३०६ पुरुष त्यांच्यासमोर ठेवले. दहा वर्षांत पहिल्या गटात ४.४ टक्क्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला, दुसऱ्यात ०.६५ टक्क्यांना. सगळ्या काळाचा हिशेब मांडल्यावर जोखीम ४.८४ पट निघाली आणि बातम्यांत ‘चार ते पाचपट धोका’ झळकला.

पाचपट ऐकून पोटात गोळा येतो खरा. पण तोच आकडा उलटा धरून पाहा: दाह असलेल्या शंभरांपैकी पंचाण्णवांहून जास्त जणांना त्या दहा वर्षांत हा कॅन्सर झालेला नव्हता. शिवाय हे एकाच संस्थेचे रुग्ण. सतत दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाच्या तपासण्या जास्त होतात, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर असा की शोधाल तितका सापडतो. दोन्ही गटांत प्रत्येकाची निदान एकदा तरी पीएसए ही प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज देणारी रक्तचाचणी झालेली होती, हे मात्र या अभ्यासाच्या बाजूने म्हणायला हवं.

ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्यनोंदींच्या मोठ्या साठ्यातल्या दोन लाखांहून अधिक पुरुषांच्या माहितीत हा धोका बराच खाली उतरला. अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्यांत तो सुमारे दीडपट, आणि क्रोन्समध्ये जवळपास काहीच नाही. मला हा फरक पाचपटीपेक्षा जास्त बोलका वाटतो. कोलायटिस बहुधा गुदाशयातूनच सुरू होऊन वर सरकतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि गुदाशयाला अनेकदा वगळतो. म्हणजे प्रोस्टेटच्या भिंतीला खेटून जळतो तो कोलायटिस. हा पुरावा नव्हे, पण शंका यायला पुरेसं आहे. जुनाट दाहात पेशींच्या डीएनएला इजा करणारे रेणू तयार होत राहतात, आणि झीज भरून काढायला पेशी पुन्हापुन्हा विभागत राहतात. चूक व्हायची ती अशा घाईतच. तरी प्रोस्टेटमध्ये नेमकं हेच घडतं, असं अजून कुणी ठामपणे दाखवलेलं नाही.

रुग्णाच्या दृष्टीने खरी गोम पीएसएमध्ये आहे. हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन; कॅन्सरमध्ये रक्तात वाढतं, तसंच प्रोस्टेटला सूज आली किंवा वयानुसार ते मोठं झालं तरी वाढतं. आतड्याचा आजार असलेल्या माणसाचा पीएसए जास्त आला की “अंगात दाह आहेच, त्यानेच वाढला असेल” असं म्हणून फाइल मिटणं सोपं असतं. नॉर्थवेस्टर्नच्या गटाने बोट ठेवलं ते नेमकं या सवयीवर.

पुढची तपासणीही सरळ नसते. कोलायटिसमुळे ज्यांचं मोठं आतडं आणि गुदाशय काढून लहान आतड्याची पिशवी जोडली आहे, त्यांच्यात बोटाला लागते ती पिशवी. तिच्यातून बायोप्सीची सुई घालायची म्हणजे जंतुसंसर्गाला आणि भगंदरासारख्या वाटेला निमंत्रण. म्हणून अशा वेळी आधी एमआरआय करतात, आणि सुई गुदमार्गाऐवजी वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून, अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर नजर ठेवून आत नेतात.