छातीचा म्हणवला गेलेला स्वर

हार्मोनियमवर पांढरी एक हा षड्ज धरून गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे 131 कंपनांचा आणि तार षड्ज 262 कंपनांचा असतो. त्याच्याही वरचा, म्हणजे अतितार सप्तकातला षड्ज 523 कंपनांवर येतो, आणि पाश्चात्त्य ऑपेरातील टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक, ज्या ‘वरच्या सी’साठी जिवाचे रान करतो, तो स्वर नेमका हाच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टेनर गायक इतक्या उंचीवर आवाज बारीक आणि हलका करून जात. तोच स्वर भरदार, पूर्ण आवाजात लावून ऑपेराचे वळण बदलणारा गायक म्हणून पॅरिसच्या जिल्बेर दुप्रेचे नाव घेतले जाते.

दुप्रेचा जन्म 6 डिसेंबर 1806 चा. आलेक्सांद्र शोरों या गुरूकडे शिकून त्याने 1825 साली ओदेऑं नाट्यगृहात पदार्पण केले, पण तेव्हा त्याचा आवाज नाजूक होता आणि त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. तो इटलीला गेला आणि तिथेच घडला. 1831 मध्ये लुक्का शहरात संगीतकार रॉसिनीचा ‘विल्यम टेल’ हा ऑपेरा इटालियन भाषेत प्रथमच सादर होणार होता व आर्नोल्डची भूमिका त्याच्याकडे आली होती. त्या संगीतातला आवेश आपल्या आवाजाला पेलणार नाही, असे तालमीत जाणवताच सगळी इच्छाशक्ती आणि अंगातले सगळे बळ एकवटून, मोडलो तरी बेहत्तर अशा निश्चयाने आपण तो स्वर लावला, असे त्याने उतारवयातील आठवणींत सांगितले आहे. 1835 साली नेपल्समध्ये संगीतकार दोनिझेत्तीच्या ‘लुचिया दी लामेरमूर’ या ऑपेरामधला पहिला एडगार्डो त्यानेच रंगवला. 17 एप्रिल 1837 रोजी पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर त्याने पुन्हा आर्नोल्ड गायला, तेव्हा श्रोते अक्षरशः वेडावले. रॉसिनीला मात्र तो प्रकार मुळीच रुचला नाही. दुप्रेने घरी येऊन तो स्वर लावून दाखवताच आपली व्हेनिसची काचपात्रे फुटली तर नाहीत ना, हे रॉसिनी पाहू लागला, अशी गोष्ट सांगतात.

या स्वराला फ्रेंचांनी ‘छातीचा सी’ असे नाव दिले, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. खालच्या पट्टीत ‘आ’ म्हणताना छातीवर तळहात ठेवला की थरथर जाणवते, म्हणून त्या आवाजाला छातीचा म्हणण्याची पद्धत पडली. आवाज उत्पन्न होतो तो मात्र स्वरयंत्रातल्या, पुरुषांत जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या स्वरतंतूंत. भरदार आवाजात हे तंतू जाड राहतात, संपूर्ण खोलीनिशी कंप पावतात आणि कंपनाच्या प्रत्येक आवर्तनात बराच काळ घट्ट मिटलेले असतात, त्यामुळे उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांची, रेलचेल होते. बारीक आवाजात ते ताणून पातळ होतात, केवळ कडा थरथरतात, हवा निसटते आणि उपस्वर क्षीण होतात. तंतूंच्या आतला स्नायू त्यांना जाड ठेवू पाहतो आणि स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूचा दुसरा स्नायू त्यांना ताणतो. पुरुषाचा आवाज साधारणपणे 330 ते 390 कंपनांच्या टप्प्यात या रस्सीखेचीत सापडतो आणि अनभ्यस्त गळा तिथेच फाटतो. 523 कंपनांपर्यंत दोन्ही स्नायूंचा तोल राखणे हे दुप्रेच्या कामगिरीचे अर्धे अंग झाले.

दुसरे अंग स्वरतंतूंच्या वर आहे, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. कंठमण्यावर बोट ठेवून खालून वर सरगम म्हटली, तर बहुतेकांचा कंठमणी स्वराबरोबर वर सरकतो. जांभई देताना तो खाली उतरतो. 1840 मध्ये दिदे आणि पेत्रेकँ या फ्रेंच डॉक्टरांनी या नव्या गायनावर एक वैद्यकीय निबंध प्रसिद्ध केला. या पद्धतीत स्वर चढत गेला तरी स्वरयंत्र खालीच स्थिर राहते, असे त्यांचे निरीक्षण होते. अशा आवाजाला त्यांनी ‘गडद’ आवाज म्हटले. स्वरयंत्र खाली राहिले की घसा ते ओठ ही सुमारे सतरा सेंटिमीटरची नळी किंचित लांबते, तिचे अनुनाद, म्हणजे ती ज्या कंपनांना बळ देते ती, खाली येतात आणि उघड्या ‘आ’ला झाकल्यासारखी छटा येते. उंच स्वर किंकाळीसारखा वाटत नाही तो यामुळे.

याचा मोठा फायदा पुढे विसाव्या शतकात योहान सुंडबेरी या स्वीडिश शास्त्रज्ञाने उलगडला. घसा रुंद आणि स्वरयंत्र खाली असेल, तर तंतूंच्या लगत वरची अरुंद पोकळी स्वतंत्रपणे अनुनादित होते आणि 3000 कंपनांच्या आसपासचे उपस्वर बळावतात. वाद्यवृंदाचा जोर 500 च्या आसपास असतो आणि वरती तो झपाट्याने ओसरतो. त्या मोकळ्या जागेतून गायकाचा आवाज मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो.

दुप्रेच्या या यशाची झळ पॅरिस ऑपेरातील टेनर अदोल्फ नूरीला लागली. 1829 साली आर्नोल्ड प्रथम त्यानेच गायला होता, तो जुन्या हलक्या शैलीत. दुप्रे येताच त्याने पॅरिस ऑपेरा सोडला, इटलीत जाऊन नवी पद्धत शिकू पाहिली, पण त्या नादात स्वतःच्या आवाजातला कोवळेपणा गमावून बसला. खचलेल्या मनःस्थितीत मार्च 1839 मध्ये नेपल्स येथे त्याने आयुष्य संपवले. दुप्रेलाही किंमत मोजावी लागलीच. चाळिशी गाठेपर्यंत त्याचा आवाज झिजला होता आणि त्यापुढे तो प्रामुख्याने शिक्षक म्हणून जगला. त्याचा मृत्यू 1896 चा.

गाताना गळ्यात काय घडते, हे तोवर कोणी नीट पाहिलेले नव्हते. ते पाहिले मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने, 1854 मध्ये. दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्याने विकत आणला, श्वासाने धुरकटू नये म्हणून गरम पाण्यात धरून कोमट केला, पुसला आणि पडजिभेला टेकवला. दुसऱ्या हातातल्या आरशाने सूर्याची तिरीप त्यावर वळवताच घशाच्या तळाशी उघडझाप करणारे त्याचे स्वतःचे स्वरतंतू समोर दिसू लागले.