डबल बासची घोडी: अखंड लाकडापासून चाकीपर्यंत

डबल बास म्हणजे व्हायोलिनसारखं, पण खूप मोठं आणि खर्जातलं वाद्य. तारा जिच्यावर टेकतात ती त्याची घोडी मेपलच्या एका फळीतून कोरायची, ही जुनी रीत. तारा किती उंच राहणार हे कारागीर घोडीचा माथा तासतानाच ठरवायचा. नंतर उंची कमी करायची तर पुन्हा तासायची, वाढवायची तर पायाखाली पाचर किंवा सरळ नवी घोडी.

तेवढ्यावर बरीच वर्षं भागलं, कारण तारा तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या होत्या. तात जाड, तिचा ताण कमी आणि हेलकावा मोठा. त्यामुळे ती फिंगरबोर्डपासून (बोटांनी तार जिच्यावर दाबतात ती पट्टी) चांगली उंच ठेवावीच लागे. त्या उंचीत मिलिमीटरभर फरक पडला तर कुणी फारसं मनावर घेत नसे.

हवामानाचा त्रास मात्र तेव्हाही होता. बासची वरची पाटी स्प्रूस लाकडाची, आणि रुंदीला व्हायोलिनच्या तिप्पट. हवा दमट झाली की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, पाटीचा फुगवटा वर येतो आणि घोडीसकट तारा उचलल्या जातात. कोरड्या थंडीत सगळं उलट: तारा खाली येतात, फिंगरबोर्डला लागून खरखरतात. म्हणून काही वादक दोन घोड्या बाळगत, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. घोडी बदलायची म्हणजे चारही तारा सैल सोडायच्या, आणि दाब गेला की आतला साउंडपोस्ट, म्हणजे दोन पाट्यांमध्ये नुसत्या दाबाने उभा राहणारा दांडा, आडवा पडायची धास्ती. वर्षातून दोनदा हा खेळ कोण हौसेने करेल?

विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या आणि गणितच बदललं. त्यांचा हेलकावा लहान, म्हणून तारा खाली आणता येऊ लागल्या. जॅझमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आल्यावर आवाजासाठी तार जिवाच्या आकांताने ओढायची गरज उरली नाही. जॅझ बासवादक स्कॉट लाफारो (1936–1961) याने वेगासाठी तारा खाली घेतल्या होत्या, हे बास वाजवणाऱ्यांत सर्वश्रुत आहे. उंची इतकी कमी झाली की ऋतूमागे होणारा फरक बोटांना जाणवायलाच लागला.

त्यावरचा उपाय साधा आहे: घोडीचे दोन्ही पाय आडवे कापायचे आणि मध्ये आट्यांचा दांडा व चाकी बसवायची. मेट्रिक एम-8 (8 मिलिमीटर जाडीच्या) दांड्याच्या आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर, म्हणजे चाकीची एक पूर्ण फेरी तारांना तेवढंच उचलते. तारा थोड्या सैल करून पाव फेरी इकडे, पाव फेरी तिकडे असं जायचं, आणि घोडी पुढे कलत नाही ना यावर नजर ठेवायची.

अ‍ॅल्युमिनियम, पितळ, लिग्नम व्हिटे की एबनी (शेवटची दोन कठीण लाकडं): चाकी कशाची हवी, यावर वादक तासन्‌तास भांडतात. वजनाचा मुद्दा खोटा नाही. घोडीवर म्यूट चढवला की आवाज दबतो तो याच वाढलेल्या वजनामुळे, म्हणून जड पितळ मी तरी टाळेन. पण दांड्यांसाठी पायांत पाडलेली दोन भोकं एकमेकांना समांतर नसतील तर चाक्या आवळून बसतात आणि पाय पाटीवर सपाट टेकत नाहीत. तिथे महागडं लाकूडही काही करू शकत नाही. काही वादक अजून अखंड घोडीच पसंत करतात. एकाच हवेत वाजवणाऱ्याला ती पुरतेही.

पाय कापल्यामुळे आणखी एक जागा मिळाली. फिशमन कंपनीच्या ‘फुल सर्कल’मध्ये पिकअप (कंपनं टिपून आवाज मोठा करण्यासाठी पुढे पाठवणारा भाग) चाकीतच बसवलेला असतो. तो नंतर कधी विकत घ्यायचा विचार असेल तर कारागिराला भोक पाडण्याआधीच सांगावं. इंची आट्यांच्या भोकात मेट्रिक दांडा जात नाही.