घराचं मूल्य वेगळं, कराचा दर वेगळा: टेक्सासमधल्या घरमालकांसाठी

टेक्सासमध्ये एप्रिल-मे महिन्यांत काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टची (घरांचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाची) नोटीस आली की डॅलस-ऑस्टिनकडच्या मराठी घरांतही हमखास ऐकू येतं, "यंदा टॅक्स किती वाढवलाय बघा!" पण त्या नोटिशीने कर ठरत नाही, ठरतं ते फक्त घराचं मूल्य. दर नंतर, बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठरतो आणि तो शहर, काउंटी, स्कूल डिस्ट्रिक्ट यांची मंडळं ठरवतात. प्रोटेस्ट, म्हणजे औपचारिक तक्रार, करता येतो तो मूल्याविरुद्ध: १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यांतली जी तारीख नंतर येईल तोपर्यंत. दराबद्दल काही म्हणायचं असेल तर जाहीर सुनावणीलाच जायला हवं, आणि तिथे आपली माणसं फार कमी दिसतात.

मूल्य आणि दर या दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकतात त्या प्रलंबित प्रोटेस्टांमुळे. जुलैअखेर मूल्यांची यादी प्रमाणित होते, तेव्हा सगळ्या तक्रारी निकाली निघालेल्या नसतात. अशा मालमत्तांची वेगळी यादी दर ठरवणाऱ्यांकडे जाते. तिच्यात डिस्ट्रिक्टने धरलेलं मूल्य असतं आणि मालकाने सांगितलेलंही. मालकाने आकडा दिला नसेल आणि मूल्य वाढलेलं असेल, तर साधारणपणे गेल्या वर्षीचं मूल्य घेतात. दराचं गणित करताना कायद्याने यांतलं कमी मूल्यच धरायचं असतं.

आता 'नो-न्यू-रेव्हेन्यू रेट' बघा. त्याच मालमत्तांमधून गेल्या वर्षीइतकीच रक्कम मिळवून देणारा हा दर. समजा, गावाला ५० लाख डॉलर हवेत आणि एकूण मूल्य १०० कोटी डॉलर आहे, तर दर शंभर डॉलरमागे ५० सेंट. वादातल्या मालमत्तांमुळे गणितात ९६ कोटीच धरावे लागले, तर तोच दर ५२ सेंटच्या थोडा वर जातो. चार लाखांच्या घराला दोन हजारांऐवजी सुमारे २,०८३ डॉलर. ज्याने प्रोटेस्ट केलाच नाही, त्यालाही.

अर्थात हा दर आपोआप लागू होत नाही, मंडळ त्याच्या खाली किंवा वर जाऊ शकतं. पण चर्चा तिथून सुरू होते, म्हणून आरंभबिंदूच वर सरकणं महत्त्वाचं. कमी मूल्य धरण्याचा नियम मला योग्यच वाटतो. हाती न आलेल्या पैशांवर शाळेचं बजेट आखू नये. मात्र पुढे मालक हरले, तर त्याच दराने अपेक्षेपेक्षा जास्त रक्कम गोळा होते, हे सुनावणीत विचारायलाच हवं. ते कोर्टात जिंकले, तर परतावा द्यावा लागतो आणि तो पुढच्या वर्षीच्या गणितात मिळवला जातो.

मुंबईची सवय असलेल्यांचा इथे घोटाळा होतो. तिथे मालमत्ता करासाठीच्या भांडवली मूल्याच्या (बाजारभावावर आधारलेल्या मूल्याच्या) नियमांवरचा वाद सर्वोच्च न्यायालयात ७ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाली निघाला, तोवर कित्येक वर्षं गेली. पण दर काढायचं असं सूत्र तिथे नाही. त्यामुळे वादात अडकलेल्या रकमेचा भार शेजाऱ्याच्या दरावर आपोआप पडला नाही, तो महापालिकेच्या वसुलीवर पडला.

टेक्सासमध्ये वाद कोर्टात असला तरी वादात नसलेला कर मुदतीत, सहसा ३१ जानेवारीपर्यंत, भरावाच लागतो. नाहीतर तो खटला पुढे चालवण्याचा हक्कच जाऊ शकतो.