‘आम्ही’ची रेघ

जुन्या गोव्यातल्या हातकातरो खांबापाशी पोर्तुगीज काळात लोकांचे हात तोडले जात, असं सांगतात. त्याचा फोटो कुणी टाकला की त्याखाली हमखास जुंपते. कुणी ख्रिस्ती शेजाऱ्याला म्हणतो, ‘तुमच्या लोकांनी अत्याचार केले, माफी मागा.’ तो विचारतो, ‘मी तेव्हा जन्मलो तरी होतो का?’

इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालय, गोव्यात १५६० साली आलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२पर्यंत टिकलं. या न्यायालयापुढे उभे केलेले बहुतेक जण मात्र धर्मांतर झालेले, पण जुने रीतिरिवाज न सुटलेले ख्रिस्ती होते. १७३६च्या फर्मानाने दारात तुळस लावायला, इतकंच काय, बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी घातली. म्हणजे आज ज्या शेजाऱ्याला आपण माफी मागायला सांगतो, त्याचेच पूर्वज तेव्हा चुलीवरच्या भातापायी धास्तावलेले असणार!

मग ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ ही वाटणी मन करतं तरी कशी? मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांच्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रयोगाचं मला राहून राहून नवल वाटतं. ताजफेल पोलंडचे ज्यू. बहुतेक सगळं कुटुंब नाझींच्या संहारात गेलेलं. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सांगितलं गेलं, तू क्ले या चित्रकाराच्या गटात, तू कँडिन्स्कीच्या. प्रत्यक्षात गट कसेही पाडले होते. गटात आणखी कोण आहे ते कुणालाच माहीत नव्हतं आणि स्वतःला काही घेता येत नव्हतं. फक्त इतरांना गुण वाटायचे, त्यांचे पुढे पैसे मिळणार. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, यात विशेष नाही. पण दोन्ही गटांना जास्त मिळेल असा पर्याय समोर असताना अनेकांनी आपल्या गटाला कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळावं, अशी वाटणी निवडली. ना जुनं वैर, ना ओळख, नुसतं एक नाव पुरलं.

ही रेघ हलतेही. वोल आणि ब्रॅन्सकोम्ब या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवलं, की ज्यू आणि जर्मन यांच्याकडे दोन गट म्हणून न पाहता सगळी माणसंच म्हणून पाहायला लावलं, तर उत्तर अमेरिकेतले ज्यू आजच्या जर्मनांना क्षमा करायला जास्त तयार होतात. अपराध रक्तातून उतरत नाही. ‘सात पिढ्यांचा दोष’ सांगून शांती करायला लावणाऱ्यांना आणि पूर्वजांचं पाप जनुकांत शोधणाऱ्यांना कसलाच आधार नाही.

मात्र या उपायाची किंमत मोजावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबरोबर केलेल्या २०११च्या अभ्यासात ‘आपण सारी माणसंच’ यावर भर दिल्यावर क्षमा वाढली, पण हक्कांसाठी एकत्र लढायची तयारी घटली. म्हणून मला नाव घेऊन मागितलेली माफी जास्त मोलाची वाटते. मूळचे गोंयकार घराण्यातले पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान अंतोनियु कॉश्ता यांनी २०२२ साली मोझांबिकमध्ये, तिथल्या विरियामू गावात पोर्तुगीज सैनिकांनी १९७२ साली केलेल्या हत्याकांडाबद्दल माफी मागितली. हत्याकांड झालं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. ती माफी त्यांनी देशाचे पंतप्रधान म्हणून मागितली, गावाचं नाव घेऊन.